पेन्सिलीची तारीख

गेल्या दिवाळीत लेकाने आमच्या मंगल कार्यालयाची नोंदवही मोबाइलमधल्या एका डायरीच्या ॲपवर चढवायला घेतली. मी वाचून दाखवायचे, तो टाकायचा. पहिल्याच पानावर गाडी अडली. नोंद अशी होती: ‘मुलीकडचे, कोरेगाव बाजूचे. फाल्गुनात, पट्टा पडल्यावर. दिवसाचं लग्न.’ पट्टा पडणं म्हणजे साखर कारखान्याचं गाळप संपणं. मुलीचे वडील कारखान्यात कामाला आहेत, हंगाम उरकेपर्यंत त्यांना सवड नाही. ॲपने आधी तारीख मागितली, मग सुरू होण्याची वेळ, मग संपण्याची वेळ. रकाना रिकामा ठेवला की तो लाल व्हायचा.

“आई, सध्या कुठलीतरी तारीख टाकू, नंतर बदलू,” लेक म्हणाला.

मला ते पटेना. कुठलीतरी तारीख म्हणजे खोटी तारीख. सातारा जिल्ह्यातल्या या कार्यालयाची वही मी सत्तावीस वर्षं लिहिते आहे, त्याआधी माझे सासरे, आबा, लिहायचे. आमच्याकडून चूक झाली असेल, पण ठाऊक नसलेली तारीख ठाऊक असल्यासारखी आम्ही कधी लिहिली नाही.

आबांनी कार्यालय काढलं १९६८ मध्ये. पहिल्या वर्षाची वही अजून कपाटात आहे. तिच्या सुरुवातीच्या पानांवर सगळं शाईने लिहिलेलं आणि त्यावर खाडाखोड इतकी की कुणाचं लग्न कधी झालं ते आज लागत नाही. पुढे कधीतरी आबांना मार्ग सापडला. माणसांची नावं शाईने, तारीख पेन्सिलीने. पत्रिका जुळली की तारखेखाली एक रेघ. सुपारी फुटली की दुसरी. विसार हातात पडला की त्याच पेन्सिलीवरून शाई फिरवायची. तारीख हललीच तर जुनी पुसून टाकायची नाही, नुसती आडवी मारून शेजारी नवी लिहायची, म्हणजे घर किती वेळा अडलं ते दिसतं. मी सून म्हणून आले तेव्हा आबांनी मला स्वयंपाकघराच्या चाव्यांआधी ही पद्धत शिकवली. “नाव म्हणजे शब्द दिलेला असतो, तो शाईनेच लिहायचा. तारीख त्यांच्या हातात नसते,” एवढंच त्यांनी सांगितलं होतं.

आमच्या भागात हे फार खरं आहे. साताऱ्याजवळ अपशिंगे नावाचं गाव आहे, सगळे त्याला अपशिंगे मिलिटरी म्हणतात, कारण तिथल्या घरोघरची मुलं पिढ्यान्पिढ्या फौजेत आहेत. तसल्या घरांतून येणारी नोंद ठरलेली: ‘मुलाच्या रजेवर. वैशाख धरा.’ लग्न नक्की, मुलगी नक्की, देणंघेणं नक्की, फक्त रजा कधी मंजूर होईल ते सीमेवरच्या मुलालाही ठाऊक नाही. आबा अशा घरासाठी वैशाखातल्या तीन मुहूर्तांवर एकच नाव पेन्सिलीने लिहून ठेवायचे, आणि त्यातला एखादा दुसऱ्या कुणी मागितला तर आधी त्या जवानाच्या आईकडे माणूस पाठवायचे.

लेक त्याच्या ॲपवर खटपट करत होता, तेव्हा मी आबांच्या कपाटातून एक तांब्याची वाटी काढली. नारळाच्या अर्ध्या करवंटीएवढी, तळाला बारीक छिद्र. हे घटिकापात्र. आबांच्या आजोबांच्या लग्नात हे वापरलं होतं असं घरात सांगतात. परातीत पाणी घ्यायचं, सूर्य उगवताना रिकामी वाटी त्यावर सोडायची. छिद्रातून पाणी आत चढत जातं आणि वाटी बुडते, ती एक घटका. आजच्या हिशेबाने चोवीस मिनिटं. शेजारी बसलेला माणूस वाटी काढून लगेच पुन्हा सोडतो आणि भिंतीवर कुंकवाचं एक बोट उमटवतो. दिवसरात्र मिळून साठ घटका, घटकेची साठ पळं, दोन घटकांचा एक मुहूर्त. ‘घटका भरली’ हे आपण आता मरणासंबंधी म्हणतो. मूळ शब्द त्या बुडणाऱ्या वाटीचा.

या मोजणीत मला दोन गोष्टी मोलाच्या वाटतात. मुहूर्त हे माप मुळातच अठ्ठेचाळीस मिनिटांचं, त्यात माणसाला वावरायला जागा होती. आणि घटका मोजायच्या त्या उगवतीपासून. त्यामुळे वेळ गावाची असायची. सूर्य आमच्याकडे मुंबईच्या सुमारे पाच मिनिटं आधी उगवतो, नागपुरात वीसपंचवीस मिनिटं आधी, आणि प्रत्येक गावाची पहिली घटका आपापल्या उन्हाबरोबर सुरू व्हायची. गोरज मुहूर्त तर त्याहून मोकळा. गाई रानातून परततात, खुरांची धूळ उडते, ती वेळ. झुंजूमुंजू, उन्हं कलल्यावर, दिवेलागणीला, कडूस पडताना, हे सगळे शब्द आबांच्या वहीत वेळेच्या रकान्यात आहेत. त्यांच्याकडे मनगटी घड्याळ होतं. तरीही हळदीची वेळ ते ‘उन्हं कलल्यावर’ अशीच लिहायचे, कारण हळद तेव्हाच लागते, चार वाजून शून्य मिनिटांनी लागत नाही.

कुणी म्हणेल, जुनी मोजणी ढोबळ होती म्हणून शब्दही ढोबळ. तसं अजिबात नाही. पंचांगकर्त्यांइतका काटेकोर माणूस शोधून सापडणार नाही. चंद्र सूर्याच्या बारा अंश पुढे गेला की एक तिथी संपते. चंद्राची चाल कमीजास्त होते, म्हणून तिथी कधी एकोणीस-वीस तासांत उरकते, कधी सव्वीस तासांपर्यंत लांबते. सूर्योदयाला जी तिथी असेल तिचं नाव त्या दिवसाला. एखादी तिथी दोन सूर्योदयांच्या मध्येच सुरू होऊन संपली तर तिचा क्षय, दोन सूर्योदय पाहिले तर वृद्धी. म्हणजे तारखेला हलत्या कडा असतात हे आमच्या लोकांनी गृहीतच धरलं होतं, आणि त्या कडा घटका-पळांत छापूनही दिल्या होत्या. केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६५ पासून आकाशातल्या प्रत्यक्ष ग्रहांशी जुळणारं पंचांग काढायला सुरुवात केली, तेच पुढे पटवर्धनी पंचांग म्हणून ओळखलं गेलं. लोकमान्य टिळकांनी याच प्रश्नात इतकं लक्ष घातलं की १९०४ मध्ये मुंबईत ज्योतिषांची परिषद भरली. त्या वादातून आलेलं टिळक पंचांग कोकणात आजही काही घरी पाळतात आणि अधूनमधून त्यांचा अधिक महिना इतरांहून वेगळा येतो. अशा घरची सोयरीक असली की मी वहीत तिथीपुढे कुठलं पंचांग तेही लिहिते. ॲपमध्ये तसा रकाना नाही.

मग घड्याळाची वेळ आली, ती आगगाडीबरोबर. रेल्वेने मद्रासची वेळ धरली होती. १८८१ मध्ये मुंबईचे गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांनी तीच वेळ सरकारी कचेऱ्यांना लावली तेव्हा शहर चिडलं. विद्यापीठाने राजाबाई टॉवरच्या घड्याळाला मुंबईचीच वेळ ठेवली, आणि दोन वर्षांनी सरकारला हुकूम मागे घ्यावा लागला. पुढे १ जानेवारी १९०६ पासून देशाला एकच प्रमाणवेळ लागू झाली, मुंबईच्या वेळेहून एकोणचाळीस मिनिटं पुढे. कागदावर एकोणचाळीस मिनिटं म्हणजे काहीच नाही. पण गिरणी कामगाराला पहाटे तेवढंच आधी, अंधारात, चाळीचा जिना उतरायचा होता. त्याच जानेवारीत जेकब ससून गिरणीतले कामगार नव्या वेळेविरुद्ध काम सोडून बाहेर पडले. मुंबई महापालिकेने तर देश स्वतंत्र झाला तरी आपली जुनी वेळ सोडली नाही. चाळीसहून अधिक वर्षं एका शहरात दोन वेळा नांदल्या.

आबांचे वडील त्या काळात मुंबईला गिरणीत होते, सातारा जिल्ह्यातली तेव्हाची कितीतरी माणसं होती तशी. आमच्या ट्रंकेत १९४९ सालची एक लग्नपत्रिका आहे. गावाकडचं लग्न, पण मुहूर्ताच्या आकड्यापुढे कंसात ‘स्टँ. टा.’ असं छापलं आहे. मुंबईहून येणाऱ्या पाहुण्याला कळावं म्हणून ती दोन अक्षरं. मला ती पत्रिका फार प्रिय आहे. ज्याने ती लिहिली त्याला ठाऊक होतं की नुसता आकडा पुरेसा नसतो, तो कुणाच्या घड्याळातला हेही सांगावं लागतं.

याहून जुना पुरावा मला आमच्याच कार्यालयात मिळाला. बिनमुहूर्ताच्या दिवसांत, चातुर्मासात, आम्ही मोठी खोली मोडी लिपीच्या वर्गाला देतो. मीही मागे बसून थोडं शिकले. मराठेशाहीच्या पत्रांत तारीख बऱ्याचदा मुसलमानी चांद्र महिन्याची असते, आकड्याआधी ‘छ’, म्हणजे चंद्र. वर्ष अरबी सनाचं, शुहूर, आणि हे वर्ष बदलतं सूर्य मृग नक्षत्रात शिरतो तेव्हा, जूनच्या पहिल्या आठवड्यात. त्याला मृगसाल असंच नाव आहे. पेरणीच्या तोंडाशी वर्ष बदललं की वसुलीचा हिशेब पिकाबरोबर चालतो. पत्राच्या कडेला पुष्कळदा आणखी एक तारीख असते, ‘पै॥’ करून. पैवस्ती, म्हणजे पत्र पोचलं तो दिवस. लिहिलं कधी आणि हाती आलं कधी, या दोन गोष्टी त्या कारकुनांनी एकमेकींत मिसळू दिल्या नाहीत. आणि वर्षच नसलेली पत्रंही ढीगभर. महिना आणि चंद्र तेवढा, कारण वाचणाऱ्याला साल ठाऊकच होतं. अशा पत्राचं साल काढताना आजचा अभ्यासक ते चौकटी कंसात लिहितो, पुढे प्रश्नचिन्ह करतो. आबांच्या पेन्सिलीचा हा थोरला भाऊ आहे असं मला तेव्हा वाटलं.

लेकाला मी हे सगळं एका बैठकीत ऐकवलं. तो संगणकातला, त्यालाही हुरूप आला. त्याने दोन दिवसांनी शोधून सांगितलं ते असं. बहुतेक डायऱ्या १९९८ मध्ये ठरलेल्या ‘आयकॅलेंडर’ नावाच्या नमुन्यावर चालतात. त्यात एखादी नोंद ‘कच्ची’ की ‘पक्की’ अशी खूण करायची सोय आहे. मी म्हटलं, मग झालं की काम. पण नीट पाहिल्यावर कळलं, तिथे कच्चं म्हणजे कार्यक्रम होणार की नाही याची खात्री नाही, तारीख मात्र द्यावीच लागते. आमचं नेमकं उलटं. जवानाचं लग्न होणारच आहे, तारखेचा पत्ता नाही. शाई आणि पेन्सिल या दोन वेगळ्या गोष्टींसाठी होत्या, त्या नमुन्याने शंकेला एकच जागा दिली आणि तीही दुसरीकडे.

दुसरी गोष्ट अधिक आशेची निघाली. ग्रंथालयं आणि दप्तरखान्यांतल्या लोकांना जुन्या कागदांमुळे हीच अडचण होती, म्हणून अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०१२ मध्ये सैल तारखा लिहिण्याची एक रीत मांडली आणि २०१९ मध्ये ती आंतरराष्ट्रीय मानकात आली. वर्षापुढे प्रश्नचिन्ह म्हणजे शंका. नागमोडी रेघ म्हणजे अंदाजे. माहीत नसलेल्या आकड्याच्या जागी फुली. ऋतूसुद्धा लिहिता येतो. मी लगेच विचारलं, पावसाळा आहे का? नाही. वसंत, उन्हाळा, शरद, हिवाळा, एवढेच चार. ‘आगोटीच्या आधी’ म्हणणाऱ्या आमच्या गिऱ्हाइकाला त्यात जागा नाही, तरी नागमोडी रेघ पाहून मला भरून आलं. कुठल्यातरी दूरच्या कचेरीत कुणालातरी वाटलं की ठाऊक नसणं हेही नीट लिहून ठेवावं.

लेकाचं ॲप अर्थात ती रेघ ओळखत नाही. शेवटी आम्ही असं ठरवलं की विसार आलेली लग्नं तेवढी मोबाइलमध्ये जातील, बाकी वहीत. यंदा वहीचीच गरज जास्त आहे. १७ मे ते १५ जून २०२६ अधिक ज्येष्ठ आला आहे, महिनाभर कार्यालय ओस, आणि सगळ्यांची गर्दी वैशाखाच्या मुहूर्तांवर. एकेका दिवसावर तीन-तीन नावं आहेत.

काल संध्याकाळी दिवे लावायच्या सुमारास फोन वाजला. अपशिंग्याच्या एका जवानाची आई होती. “वहिनी, रजेचा कागद आला,” एवढं बोलून ती रडायलाच लागली. मी वही काढली. वैशाखातल्या तीन पानांवर तिच्या मुलाचं नाव होतं. पहिल्या आणि तिसऱ्या पानावरची तारीख आडवी मारली, मधल्या पानावर शाईचं पेन टेकवलं आणि तिला विचारलं, “बोला, मुलगा किती तारखेला पोचतोय?”

“गाडी कधी मिळेल तशी,” ती म्हणाली. “पण हळदीला असेल.”

मी तारखेवर शाई फिरवली. हळदीची वेळ पेन्सिलीने लिहिली, उन्हं कलल्यावर.