कागदाची फुलं, लोकांचा उत्सव

पोर्तुगाल म्हटलं की आम्हा गोवेकरांच्या डोळ्यांसमोर व्हाइसरॉय, इन्क्विझिशन आणि सालाझार उभे राहतात. साडेचारशे वर्षांच्या राजवटीतून झालेली ती ओळख खोटी नाही. पण त्या देशातला शेतमजूर, त्याचं घर, त्याचा सण यांची आपली कधी गाठच पडली नाही. म्हणून आज कांपू मायोरची गोष्ट सांगतो.

स्पेनच्या सरहद्दीला टेकलेलं, आलेंतेजो प्रांतातलं हे आठेक हजार वस्तीचं गाव. मोठ्या जमीनदारांच्या शेतांवर राबणाऱ्या मजुरांचा हा मुलूख. इथे 'लोकांचा उत्सव' भरतो तेव्हा शंभराच्या आसपास रस्ते कागदी फुलांनी मढवले जातात. गावचा संरक्षक संत बाप्तिस्ता जुआंव. त्याच्या उत्सवातून 19व्या शतकात ही प्रथा वाढत गेली. हा संत आपल्या चांगल्याच ओळखीचा आहे. 24 जूनला आपल्याकडे विहिरीत उड्या मारायला लावतो तो 'सांजांव' हाच!

संत एकच, फुलं मात्र वेगळी. आपला सांजांव भर पावसात येतो. रानात हिरवाई मायंदाळ, म्हणून डोक्यावरची कोपेलं ताज्या फुलापानांची. कांपू मायोरचा उत्सव तिथल्या कडक उन्हाळ्याच्या अखेरीस. ताजं फूल दुपारपर्यंत मान टाकेल, पण पाऊस क्वचितच, त्यामुळे उघड्या रस्त्यावर कागद टिकतो. आपल्याकडेही पाहा. भाद्रपदातल्या चवथीला माटोळी नारळ, सुपारीचे कातरे, आंबाडे, कवंडळं यांची. कागदाचा हंगाम सुरू होतो तो पाऊस ओसरल्यावर. देवळांतली नवरात्रीची मखरं, दिवाळीचा आकाशकंदील आणि नरकासुर, नाताळचा तारा हे सगळं त्यानंतरचं. सजावटीत काय वापरायचं ते हात ठरवण्याआधी आभाळ ठरवतं!

फूल करण्याची रीत साधीच. टिशूचे सात-आठ तुकडे एकावर एक ठेवून पंख्यासारख्या चुण्या घालायच्या, मधोमध तार आवळायची आणि एकेक पदर हलक्या हाताने वर उचलायचा. क्रेप कागद ताणला जातो, म्हणून त्याच्या पाकळीला अंगठ्याने दाबून खोलगटपणा देता येतो. टिशूला ते जमत नाही. जोरात ओढलं की फाटलाच. देठाला हिरव्या कागदाची पट्टी गुंडाळली की झालं फूल. एक फूल कुणीही करील. हजारो करायची तर मात्र अख्खा रस्ता एकत्र बसावा लागतो.

तिथे तसंच होतं. प्रत्येक रस्त्याचा एक म्होरक्या असतो. म्हातारीपासून पोरापर्यंत सगळे कित्येक महिने घराघरांतून कागद कापत बसतात. आपल्या रस्त्याचे रंग आणि नमुना शेजारच्या रस्त्याला कळू द्यायचा नाही! उत्सवाच्या आदल्या रात्री सगळं बाहेर येतं, रातोरात बांधलं जातं आणि सकाळी गाव बागेत जागं होतं.

या उत्सवाला ठरलेलं वर्षच नाही. लोकांना वाटेल तेव्हाच तो होतो. 2004 नंतर एकदम 2011 मध्ये, मग 2015 मध्ये. रस्त्यांनी 'हो' म्हटलं नाही तर उत्सव नाही. 2021 मध्ये युनेस्कोने मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत त्याची नोंद केली. पण एवढा मान मिळाला म्हणून फुलं आपोआप उमलत नाहीत. त्यासाठी पुन्हा कुणीतरी कात्री हातात घ्यावीच लागते.

आपले सण तिथीने येतात. आपल्याला वाटो न वाटो, चवथ येणारच. त्यामुळे सण टिकला आहे असं आपण धरून चालतो, आणि त्याच वेळी बाजारातून प्लास्टिकच्या फुलांची तोरणं आणून मखराला लटकवतो. कांपू मायोरसारखं आपल्याला दर वेळी विचारलं असतं, 'यंदा करायचं का? हातांनी करायचं का?', तर आपल्या वाड्याने काय उत्तर दिलं असतं?

घरात टिशूचा एखादा ताव असेल तर या चवथीआधी मुलांना घेऊन बसा. एकतरी फूल करा. फाटेल, वाकडं होईल. होऊ दे!