लिनक्सवरील खेळांचा वेग आणि ग्राफिक्स ड्रायव्हरचे राजकारण

संगणकावरील खेळ विनाअडथळा चालावेत म्हणून ग्राफिक्स कार्डावर हजारो रुपये खर्च केले जातात. पण तेच कार्ड, तोच संगणक आणि तोच खेळ असूनही विंडोजच्या जागी लिनक्स बसवले की वेग बदलतो. कधी तो निम्म्यावर येतो, तर कधी विंडोजलाही मागे टाकतो. कार्डातील सिलिकॉनमध्ये तर तसूभरही फरक पडलेला नसतो. बदललेला असतो तो कार्ड आणि कार्यप्रणाली यांच्यामधला दुभाषा, म्हणजेच ड्रायव्हर. हा ड्रायव्हर कोणी लिहिला, त्याचा सोर्स कोड कोणाला पाहता येतो आणि तो किती वर्षे सांभाळला जाणार, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर लिनक्सवरील खेळाचा वेग ठरतो.

ग्राफिक्स ड्रायव्हर हा एकच एक प्रोग्रॅम नसतो. त्याचा एक भाग लिनक्सच्या कर्नलमध्ये राहून कार्डाची मेमरी वाटून देतो, कार्डाचे घड्याळ किती वेगाने चालवायचे ते ठरवतो आणि कामांची रांग लावतो. दुसरा, आकाराने कितीतरी मोठा भाग खेळाच्या सोबतीने चालतो. ओपनजीएल किंवा व्हल्कन या भाषांत खेळाने दिलेल्या आज्ञा कार्डाच्या भाषेत उतरवणे आणि प्रकाश, छाया, पाणी, धूर यांचे गणित मांडणारे ‘शेडर’ नावाचे छोटे प्रोग्रॅम कार्डासाठी कंपाइल करणे, हे त्याचे काम. सेकंदाला ६० चित्रे हवी असतील तर एका चित्रासाठी जेमतेम १६.७ मिलिसेकंद मिळतात. ड्रायव्हरचा हिशेबही एवढ्यातच बसवावा लागतो. एखादा शेडर ऐन लढाईत कंपाइल करावा लागला आणि त्यात अर्धा सेकंद गेला, तर सरासरी वेगाचा आकडा कितीही देखणा असला तरी खेळणाऱ्याच्या दृष्टीने खेळ अडखळलेलाच असतो. केवळ सरासरी आकडे देणाऱ्या चाचण्यांवर म्हणूनच फार विसंबू नये.

ड्रायव्हरमध्ये विशिष्ट खेळांविषयीचे ज्ञानही साठवलेले असते. २००१ मध्ये एटीआय कंपनीच्या रेडिऑन ८५०० कार्डाच्या विंडोजवरील ड्रायव्हरबाबत याचा गाजलेला प्रत्यय आला. ‘क्वेक थ्री’ या खेळाच्या फाइलचे नाव बदलून ‘क्वॅक थ्री’ केले की वेग घटे आणि चित्राचा दर्जा मात्र सुधारे. ड्रायव्हर खेळाला नावाने ओळखत होता आणि आकडा वाढवण्यासाठी चित्रात काटकसर करत होता. ही चलाखी उघडकीस आली, पण खेळ ओळखून त्यानुसार वागण्याची पद्धत मोडली नाही. अधिक चांगल्या हेतूने ती आजही चालते. लोकप्रिय खेळ बाजारात येतो त्याच सुमारास विंडोजसाठी नवा ड्रायव्हर येतो, तो याचमुळे. लिनक्सच्या वाट्याला ही आस्था बराच काळ आली नाही, कारण लिनक्सवर खेळणारे ग्राहकच मोजके होते. स्टीम या खेळविक्री सेवेच्या मासिक पाहणीत लिनक्सचा वाटा तीन टक्क्यांच्या पुढे गेला तो ऑक्टोबर २०२५ मध्ये.

सुरुवातीच्या काळात तर लिनक्सला त्रिमिती चित्रणासाठी अधिकृत ड्रायव्हरच नव्हते. ब्रायन पॉल यांनी १९९३ मध्ये लिहायला घेतलेली आणि १९९५ मध्ये सर्वांसाठी खुली केलेली ‘मेसा’ ही ओपनजीएलची मुक्त आवृत्ती पुढे सर्व मुक्त ड्रायव्हरांचे घर बनली. प्रारंभी मात्र ती सारे गणित मुख्य प्रोसेसरकडूनच करून घेत असे. १९९९ अखेरीस लोकी या कंपनीने ‘क्वेक थ्री’ लिनक्सवर आणला, २००० मध्ये एक्सफ्री८६ च्या चौथ्या आवृत्तीत कार्डाशी थेट बोलण्याची सोय झाली आणि त्याच वर्षी एनव्हिडियाने आपला बंदिस्त ड्रायव्हर लिनक्ससाठी उपलब्ध केला. लोकीने २००२ च्या जानेवारीत गाशा गुंडाळला. त्या काळातील हौशी मंडळी फिरणाऱ्या तीन दंतचक्रांच्या ‘जीएलएक्सगिअर्स’ या प्रात्यक्षिकाचा आकडा मोठ्या अभिमानाने सांगत. त्या आकड्याचा प्रत्यक्ष खेळांच्या वेगाशी फारसा संबंध नव्हता, ही गोष्ट अलाहिदा.

एनव्हिडियाच्या ड्रायव्हरचा गाभा विंडोजवरच्या ड्रायव्हरचाच होता. खेळांसाठी वर्षानुवर्षे केलेली मेहनत त्यामुळे लिनक्सला आयती मिळाली आणि वेगाच्या बाबतीत हा ड्रायव्हर दीर्घकाळ निर्विवाद पहिला राहिला. मात्र सोर्स कोड बंद असल्याने तो कर्नलचा भाग होऊ शकत नव्हता. कर्नलची नवी आवृत्ती आली की ड्रायव्हरचा कर्नलशी जोडलेला भाग पुन्हा बांधावा लागे. तो न जुळल्यास संगणक सुरू करताच काळा पडदा समोर येई. २०१० मध्ये लॅपटॉपसाठी आलेल्या ‘ऑप्टिमस’ या दोन ग्राफिक्स चिपांच्या रचनेला तर लिनक्सवर कंपनीने आधारच दिला नव्हता. ती उणीव ‘बम्बलबी’ या स्वयंसेवी प्रकल्पाने भरून काढली. त्याच्या २०११ मधील एका आवृत्तीत बसवणीच्या आज्ञेत चुकून एक रिकामी जागा राहिली आणि अनेकांच्या संगणकातील कार्यप्रणालीचा मोठा भागच पुसला गेला! २०१२ मध्ये फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात याच ऑप्टिमसविषयी प्रश्न विचारला गेला, तेव्हा लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी कॅमेऱ्याकडे पाहत एनव्हिडियाला उद्देशून अपशब्द उच्चारले. ती चित्रफीत जगभर गाजली.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व कंपनीने काही आकडे जाहीर केले. ‘लेफ्ट फोर डेड टू’ हा तिचा खेळ एनव्हिडियाच्या जीटीएक्स ६८० कार्डावर लिनक्समध्ये पहिल्यांदा चालला तेव्हा सेकंदाला अवघी सहा चित्रे उमटत होती. काही महिन्यांच्या कामानंतर तो आकडा ३१५ झाला. त्याच संगणकावर विंडोज सातमध्ये डायरेक्टथ्रीडीच्या आधारे तो २७०.६ होता. खेळाचे इंजिन लिनक्सच्या स्वभावाला जुळवून घेणे, ओपनजीएलचा वापर सुधारणे आणि कार्ड बनवणाऱ्या कंपन्यांच्या अभियंत्यांसह ड्रायव्हरमधील दोष दूर करणे, असे हे काम होते. लिनक्स मुळातच मंद आहे, हा समज त्या आकड्यांनी खोडून काढला. तथापि एवढी मेहनत प्रत्येक खेळासाठी कोण घेणार? २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये लिनक्सवर चालणारी ‘स्टीम मशीन’ विक्रीला आली, तेव्हा आर्स टेक्निका या अमेरिकी संकेतस्थळाच्या चाचणीत बरेच खेळ विंडोजपेक्षा लक्षणीयरीत्या मंद आढळले. ती यंत्रे बाजारात टिकली नाहीत.

दरम्यान वेगळ्या वाटेने एक काम सुरू होते. २००६ मध्ये एटीआय विकत घेतलेल्या एएमडीने २००७ च्या सप्टेंबरात आपल्या कार्डांची तांत्रिक माहिती खुली करण्याचे आणि मुक्त ड्रायव्हरला साहाय्य करण्याचे जाहीर केले. तोवर एएमडीच्या कार्डांसाठी ‘एफजीएलआरएक्स’ हा बंदिस्त ड्रायव्हर होता आणि त्याची कीर्ती फारशी चांगली नव्हती. मुक्त ड्रायव्हरला फळ धरायला बरीच वर्षे लागली. २०१५ मध्ये ‘एएमडीजीपीयू’ हा नवा ड्रायव्हर कर्नलमध्ये दाखल झाला. २०१६ मध्ये व्हल्कन ही नवी चित्रणभाषा आली. एएमडीचा स्वतःचा मुक्त व्हल्कन ड्रायव्हर येण्यास डिसेंबर २०१७ उजाडला, तोवर थांबण्याची तयारी नसलेल्या कंपनीबाहेरील अभियंत्यांनी २०१६ मध्येच मेसामध्ये ‘रॅडव्ही’ उभा केला. २०१९ मध्ये व्हॉल्वने त्यासाठी ‘एको’ नावाचा नवा शेडर कंपायलर सादर केला. शेडर तयार होण्यास लागणारा वेळ त्याने बराच कमी केला आणि मघाशी उल्लेखिलेले अडखळणे सुसह्य झाले. अखेर २०२५ मध्ये एएमडीने आपला स्वतंत्र मुक्त ड्रायव्हर मिटवून रॅडव्हीलाच पाठिंबा दिला. बाहेरच्यांनी लिहिलेला ड्रायव्हर कंपनीनेच आपला म्हणून स्वीकारावा, असे या व्यवसायात क्वचितच घडते.

व्हल्कनमुळे आणखी एक गोष्ट साधली. विंडोजचे खेळ बहुधा मायक्रोसॉफ्टच्या डायरेक्टएक्सवर बेतलेले असतात. फिलिप रेबोले यांच्या ‘डीएक्सव्हीके’ने २०१८ पासून त्या आज्ञांचे व्हल्कनमध्ये भाषांतर सुरू केले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये व्हॉल्वने ते ‘वाइन’सोबत जोडून ‘प्रोटॉन’ प्रसिद्ध केले. प्रत्येक खेळ लिनक्ससाठी नव्याने लिहून घेण्याची गरज त्यामुळे सरली. भाषांतराला थोडा वेळ लागतोच, पण खालचा ड्रायव्हर चपळ असेल तर तो वेळ भरून निघतो. २०२२ मध्ये एएमडीची चिप असलेला ‘स्टीम डेक’ आला तो याच पायावर. २०२५ च्या जूनमध्ये आर्स टेक्निकाने लेनोवोच्या ‘लीजन गो एस’ या हातात धरून खेळण्याच्या संगणकावर विंडोज ११ आणि लिनक्सवर आधारित स्टीमओएस यांची तुलना केली, तेव्हा बहुतेक खेळ स्टीमओएसवर अधिक वेगाने चालले. दहा वर्षांपूर्वी त्याच संकेतस्थळाने नेमका उलटा निष्कर्ष दिला होता.

एनव्हिडियाच्या बाबतीत आता चित्र संमिश्र आहे. २०२२ च्या मे महिन्यात कंपनीने कर्नलमधील भागाचा सोर्स कोड खुला केला. शेडर आणि चित्रणभाषांचा मोठा भाग मात्र बंदच आहे. वेलँड या नव्या पडदा-व्यवस्थेवर चित्र लुकलुकण्याची तक्रार २०२४ मधील ५५५ क्रमांकाच्या ड्रायव्हरनंतर बरीच ओसरली. परंतु डायरेक्टएक्स १२ चे अनेक खेळ या कार्डांवर विंडोजपेक्षा लिनक्सवर मंद चालतात, ही तक्रार त्यानंतरही दीर्घकाळ कायम राहिली. एएमडीच्या कार्डांवर ती तितकी तीव्र नाही.

काही बाबतींत कोणताही ड्रायव्हर उपयोगी पडत नाही. ‘व्हॅलोरंट’सारखे खेळ कर्नलच्या पातळीवरील फसवणूक-प्रतिबंधक प्रणाली मागतात आणि लिनक्सवर सुरूच होत नाहीत. ‘एपेक्स लेजंड्स’ लिनक्सवर चालत असे, परंतु २०२४ च्या ऑक्टोबरअखेर त्याच्या निर्मात्यांनी ते दार बंद केले.

एएमडी आणि इंटेलच्या कार्डांचा ड्रायव्हर कर्नल आणि मेसासोबतच येत असल्याने तो वेगळा बसवावा लागत नाही. पण त्यामुळेच जुन्या, स्थिर म्हणून निवडलेल्या लिनक्स वितरणावर नवे कार्ड बसवल्यास हाती जुना मेसा येतो आणि वेग घसरतो. ड्रायव्हरच्या नावाच्या जागी ‘एलएलव्हीएमपाइप’ असे दिसले, तर कार्ड निष्क्रिय असून सारे गणित मुख्य प्रोसेसर करीत आहे, असे समजावे.

ड्रायव्हरच्या मालकीचा प्रश्न सर्वाधिक भिडतो तो जुन्या कार्डांच्या बाबतीत. २०१२ च्या जानेवारीत विक्रीस आलेल्या एएमडीच्या रेडिऑन एचडी ७९७० चा विंडोजवरील आधार कंपनीने २०२१ मध्ये थांबवला. लिनक्समध्ये मात्र त्या पिढीच्या कार्डांना एएमडीजीपीयू ड्रायव्हरवर आणण्याचे उरलेले काम व्हॉल्वसाठी काम करणाऱ्या टिमूर क्रिस्तोफ यांनी २०२५ मध्ये पूर्ण केले आणि २०२६ च्या प्रारंभी आलेल्या ६.१९ कर्नलपासून तोच ड्रायव्हर त्यांच्यासाठी आपोआप निवडला जाऊ लागला. जुन्या ड्रायव्हरवर रॅडव्ही चालत नसे. त्यामुळे वेग तर वाढलाच, शिवाय व्हल्कन आणि पर्यायाने प्रोटॉनवरील खेळांचे दारही या चौदा वर्षांच्या कार्डांना उघडले. एनव्हिडियाची जीटीएक्स १०६० ही २०१६ ची, एकेकाळी स्टीमच्या पाहणीत वर्षानुवर्षे पहिल्या क्रमांकावर असलेली कार्डे त्याहून चार वर्षांनी तरुण आहेत. लिनक्सवर ५८० ही त्यांना चालवणारी अखेरची शाखा ठरली. २०२५ च्या डिसेंबरात आलेल्या ५९० मधून ती वगळण्यात आली आणि आर्च लिनक्ससारख्या सतत अद्ययावत होणाऱ्या वितरणावरील वापरकर्त्यांना जुना ड्रायव्हर हाताने परत बसवावा लागला. ‘नूव्हो’ हा मुक्त ड्रायव्हर या कार्डांवर चालतो. पण जीटीएक्स ९०० मालिकेपासून कार्डाचे घड्याळ वेगाने चालवण्यासाठी कंपनीच्या स्वाक्षरीचे फर्मवेअर लागते. २०१८ आणि त्यानंतरच्या कार्डांसाठी ती अडचण जानेवारी २०२४ मधील ६.७ कर्नलपासून दूर झाली, १०६० साठी नाही. नूव्होवर हे कार्ड संगणक सुरू होतानाच्या संथ गतीवरच अडकून राहते.