हजची तयारी : सामानाची आणि हिशेबाची

यंदा हजच्या यादीत माझं आणि बायकोचं नाव लागलं आहे. गेले दोन महिने घरात एकच विषय आहे. पासपोर्ट, पैशांचे हप्ते, मेंदूज्वराची लस, पोलिओचे थेंब, एहरामच्या चादरी, बिनवासाचा साबण. परवा अम्मीनं माळ्यावरून दादांची पत्र्याची ट्रंक खाली काढायला लावली. दादा 1961 साली हजला गेले होते. ती ट्रंक पाहिल्यापासून मी जुन्या हजयात्रांबद्दल वाचतो आहे. वाचता वाचता आपली तयारी किती अपुरी आहे, तेही लक्षात आलं.

कागदपत्रांचा त्रास आजचाच आहे असं आपल्याला वाटतं. पण बाबराची मुलगी गुलबदन बेगम हिलासुद्धा तो चुकला नाही. 1575 मध्ये ती फतेहपूर सिक्रीहून निघाली आणि सुरतेत जवळजवळ वर्षभर अडकून पडली. समुद्रावर पोर्तुगीजांची सत्ता होती. त्यांचा ‘कार्ताझ’ नावाचा परवाना असल्याशिवाय जहाज सुटत नसे. त्यावर मरियम आणि ईसा यांची चित्रं असत. इराणची वाट शियांच्या मुलखातून जाते आणि समुद्राच्या वाटेवर असला परवाना घ्यावा लागतो, म्हणून हिंदुस्थानातल्या मुसलमानांवर हज फर्ज राहिलेलं नाही, असं मत मखदूम-उल-मुल्क या दरबारी आलिमांनी दिल्याचं बदायुनी लिहितो. गुलबदन मात्र थांबली, परवाना मिळवला, गेली आणि 1582 मध्ये परत आली.

पुढे आगबोटी आल्या आणि सुरतेची जागा मुंबईनं घेतली. पूर्वी हजला राजघराण्यातले, व्यापारी आणि पायी निघणारे फकीर जात. आता शेतकरी, विणकर, बागवानही निघू लागले. त्यांच्यासोबत नव्या अडचणी आल्या. 1865 मध्ये हजच्या वेळी मक्केत कॉलरा पसरला, तो तिथून इजिप्तमार्गे युरोपात गेला. मग हाजी म्हणजे रोग घेऊन फिरणारा माणूस, अशी नजर तयार झाली. 1882 पासून तांबड्या समुद्रातल्या कामरान बेटावर जहाजं अडवून हाजींना क्वारंटाईनमध्ये ठेवलं जाऊ लागलं. 1897 मध्ये मुंबईत प्लेग असल्यामुळे सरकारनं इथून हजची वाहतूकच बंद केली.

दलालांची लूट तर होतीच. ती थांबावी म्हणून 1886 मध्ये इंग्रज सरकारनं थॉमस कुक या कंपनीला हजच्या प्रवासाचं काम दिलं. त्यात फायदा दिसेना, तेव्हा काही वर्षांत कंपनीनं अंग काढून घेतलं. कितीतरी गरीब लोक फक्त जाण्यापुरते पैसे घेऊन निघत आणि जिद्द्यात अडकून पडत. त्यावर 1920च्या दशकात परतीचं तिकीट किंवा तेवढी रक्कम अनामत ठेवणं सक्तीचं झालं.

स्वातंत्र्यानंतर 1959 मध्ये हज कमिटीचा कायदा झाला. त्याच सुमारास रिझर्व्ह बँकेनं हाजींसाठी दहा आणि शंभर रुपयांच्या वेगळ्या नोटा काढल्या, त्या भारतात चालत नसत. दादा गेले ते याच काळात. आधी एस.टी., मग रेल्वे, मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळच्या साबू सिद्दिक मुसाफिरखान्यात मुक्काम आणि तिथून मोगल लाईनचं जहाज, डेकचं तिकीट. जहाजाचा हा प्रवास 1995 पासून बंद झाला. आता आपण सकाळी मुंबईत नाश्ता करून दुपारी जिद्द्यात उतरतो.

पण अम्मी दादांच्या प्रवासाचं सांगते, तेव्हा त्यात जहाज शेवटी येतं. आधी येते उधारीची वही. निघण्याआधी दोन महिने दादांनी वाण्याचं, कापडवाल्याचं, सोसायटीचं देणं फेडलं. मुलांना बसवून वसीयत सांगितली. मग गावातल्या प्रत्येक आळीत, हिंदू-मुसलमान सगळ्या घरांत गेले. “कहा-सुना माफ करा, परत येईन की नाही ठाऊक नाही,” एवढंच म्हणायचे. ज्यांच्याशी पाण्याच्या पाळीवरून कोर्टात भांडले होते, त्या पाटलांच्या ओसरीवरही बसून आले. त्या दिवशी एस.टी. स्टँडवर सोडायला पाटीलही होते.

हे दादांचं मोठेपण म्हणून सांगत नाही. त्या पिढीत सगळेच असं करत. समुद्र मोठा होता, माणूस परत येईलच असं नव्हतं, म्हणून हिशेब मिटवूनच निघावं लागे. आज परतीचं तिकीट आधीच हातात असतं, म्हणून हिशेब मागे ठेवून जाता येतं. पण दीन बदललेला नाही. अल्लाहचे हक्क अल्लाह माफ करील. माणसांचे हक्क, हुकूकुल इबाद, ज्याचे त्याला परत केल्याशिवाय सुटका नाही, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत.

माझ्या चुलत भावाशी मी सहा वर्षं बोललेलो नाही. बांधाचा वाद आहे. हाजी होऊन येईन, गळ्यात हार पडतील आणि बांध तिथेच राहील, या विचारानं मला झोप येईना. गेल्या जुम्म्याला नमाजनंतर त्याच्या दारात गेलो. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग भाभीनं चहा आणला. मी जाण्याआधी सरकारी मोजणीचा अर्ज दोघांच्या सहीनं द्यायचा, निघेल ते मान्य करायचं, असं ठरलं. माझ्याकडे त्याचं हातभर रान जास्त निघेल, असं मला मनातून माहीत आहे.

सामानाची बॅग अजून भरायची आहे. तिची आता फारशी काळजी वाटत नाही.