काळ्या काचांची गोष्ट

मोटारीच्या काळ्या काचांविरुद्ध आपल्याकडे अधूनमधून मोहीम निघते. चौकाचौकात पोलीस उभे राहतात, काचांवरच्या फिल्म टराटरा फाडल्या जातात आणि लोक कुरकुरतात, "हा काय नवीन कायदा काढला?" गंमत अशी की कायदा मुळीच नवीन नाही.

१९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १०० काढून बघा. पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के उजेड आरपार गेला पाहिजे, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. पण उजेड मोजणार कोण? शिवाय पहिल्या गुन्ह्याला तेव्हा दंड होता जास्तीत जास्त शंभर रुपये. त्यामुळे नियम पुस्तकात राहिला आणि फिल्म काचेवर.

यात एक साधं गणित आहे. कारखान्यातून आलेली काच ५० टक्के उजेड सोडते आणि तिच्यावर लावलेली फिल्मही ५० टक्के सोडते, असं धरू. मग आत येणारा उजेड पन्नास नव्हे, पंचवीस टक्के! दुकानदार फिल्मची टक्केवारी सांगतो, काचेची सांगत नाही.

अविषेक गोयंका यांनी याबाबत सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका केली. काळ्या काचांआड होणारे गुन्हे, विशेषतः स्त्रियांवरचे अत्याचार, हा त्यांचा मुख्य मुद्दा होता. २७ एप्रिल २०१२ रोजी सरन्यायाधीश कपाडिया, न्या. पटनाईक आणि न्या. स्वतंत्र कुमार यांच्या पीठाने निकाल दिला. उजेडाची अट कारखान्यातून येणाऱ्या काचेसाठी आहे, वरून काही चिकटवायची मुभा नियमात नाही. म्हणून फिल्म किती टक्क्यांची आहे हा प्रश्नच उरत नाही. ४ मे २०१२ पासून फिल्म बंद झाली. नुसता दंड करून सोडू नका, फिल्म काढून घ्या, असंही न्यायालयाने बजावलं. सवलत ठेवली ती झेड आणि झेड प्लस सुरक्षा असलेल्यांपुरती.

पुढे नियमच बदलला. १ एप्रिल २०२१ पासून 'सेफ्टी ग्लास'च्या जोडीला 'सेफ्टी ग्लेझिंग' हे शब्द आले. त्यांच्या आधारे केरळ उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये सांगितलं की ७० आणि ५० ची मर्यादा पाळणारं ग्लेझिंग लावलं तर दंड करता येणार नाही. दोन शब्दांनी केवढा फरक पडतो, पाहा! मर्यादेचे आकडे मात्र १९८९ चेच राहिले.

उन्हाची तक्रार मला खोटी वाटत नाही. एप्रिल-मे महिन्यात विदर्भात बंद मोटारीत बसून पाहा म्हणजे कळेल. पण हा वाद नुसत्या उन्हाचा कधीच नव्हता. मेण्याला पडदे असत. आतल्याने बाहेर पाहावं, बाहेरच्याला आत दिसू नये, हा मोठेपणाचा जुनाच थाट. काळी काच त्याच वळणाची. रस्ता मात्र सगळ्यांचा असतो. पायी रस्ता ओलांडणारी बाई चालकाच्या नजरेकडे पाहून ठरवते, आपण त्याला दिसलो की नाही. आतून कुणी मदतीसाठी हात हलवला, तर तो बाहेर दिसायला हवा.

त्या ५० टक्क्यांत निम्मा उजेड आतल्यांच्या सोयीसाठी अडवता येतो. उरलेला निम्मा रस्त्यावरच्या सगळ्यांचा आहे, एवढंच हा नियम सांगतो.