अर्ध्या चित्राची वंशावळ

कारखान्यात कॅमेरे कशाला लागतात, असं तिकडून फोनवर कुणी ना कुणी विचारतंच. चोर पकडायला नव्हे, माल तपासायला. पट्ट्यावरून औषधाच्या बाटल्या धावत असतात. मुठीएवढा कॅमेरा प्रत्येक झाकणाचं चित्र काढतो आणि नेटवर्क केबलमधून संगणकाकडे पाठवतो. झाकण वाकडं दिसलं की बाटली बाहेर.

इथे इंग्लंडात माझ्याकडे या कॅमेऱ्यांच्या तीन तक्रारी नेहमी येतात. एक, चित्र अर्धंच येतं, मधे काळे पट्टे. दोन, कॅमेरा यादीत दिसतो, हुकूम ऐकतो, पण चित्र पाठवत नाही. तीन, चालता चालता कॅमेरा अचानक संबंध तोडतो. माझा अनुभव असा, की मॅन्युअलमधे फक्त औषध असतं. आजार कळायचा तर इतिहासात शिरावं लागतं.

सुरुवातीचे कारखान्यातले कॅमेरे म्हणजे टीव्हीचेच भाऊबंद. अमेरिकेत ५२५ ओळी, युरोपात आणि आपल्याकडे ६२५. चित्र दोन हप्त्यांत यायचं: आधी विषम ओळी, मग सम. बातम्या वाचणाऱ्या निवेदिकेला त्याचं काही नाही, पण धावणारी बाटली दोन हप्त्यांच्या मधल्या वेळात पुढे सरकते आणि तिच्या कडा कंगव्याच्या दातांसारख्या दिसतात. चित्र असं बिघडायचं, पण वाटेत हरवायचं मात्र नाही. कारण कॅमेऱ्यापासून संगणकातल्या ‘फ्रेम ग्रॅबर’ कार्डापर्यंत त्याची स्वतःची केबल असे. २००० साली आलेल्या ‘कॅमेरा लिंक’ या मानकातही वाट स्वतंत्रच राहिली. फक्त केबल जाड, साधारण १० मीटरचीच, आणि कार्डाचा खर्च वेगळा.

दरम्यान दुसरीकडे गंमत चालली होती. १९९१ साली केम्ब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेतल्या मंडळींनी कॉफीच्या भांड्यावर कॅमेरा रोखला. जिने चढून जावं आणि भांडं रिकामं असावं, हे दुःख टाळायला! करड्या रंगाचं १२८ गुणिले १२८ ठिपक्यांचं चित्र, मिनिटाला साधारण तीनदा. १९९३ साली ते वेबवर गेलं आणि जगभरचे लोक कॉफी बघू लागले. २००१ च्या ऑगस्टमधे तो कॅमेरा बंद झाला. कॅमेरा नेटवर्कवर चालतो हे त्याने दाखवून दिलं खरं, पण एखादं चित्र बुडालं तर तिथे कुणाचं काय जाणार होतं?

आता नेटवर्ककडे वळू. इथरनेट जन्मलं १९७३ साली, कॅलिफोर्नियात, झेरॉक्सच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात. बॉब मेटकाफ यांना कार्यालयातले संगणक एकमेकांना आणि लेझर प्रिंटरला जोडायचे होते. सगळ्यांत मिळून एक केबल. दोघं एकदम बोलले तर दोघांनी गप्प बसायचं आणि थोडं थांबून पुन्हा बोलायचं. छापील पान क्षणभर उशिरा आलं तर बिघडलं कुठे? पुढे १९८० साली जॉन पोस्टेल यांनी ‘यूडीपी’ची तीन पानी नियमावली लिहिली. टीसीपी म्हणजे पोचपावतीचं पत्र. एक हरवलं की मागची सगळी थांबतात. यूडीपी म्हणजे साधं पोस्टकार्ड: टाकलं पेटीत, पुढचं देव जाणे.

१९९९ साली साध्या तांब्याच्या केबलवरून, १०० मीटरपर्यंत, सेकंदाला १ गिगाबिट धावू लागलं, आणि कॅमेरेवाल्यांच्या तोंडाला पाणी सुटलं. २००६ साली अमेरिकेतल्या ऑटोमेटेड इमेजिंग असोसिएशनने ‘गिगई व्हिजन’ मानक आणलं. फ्रेम ग्रॅबर गेला, स्वस्त केबल आली. थांबायला वेळ नाही म्हणून चित्रांसाठी निवडलं यूडीपी. म्हणजे कार्यालयाचा रस्ता आणि पोस्टकार्डं!

जरा हिशोब करा. १२८० गुणिले १०२४ ठिपके, प्रत्येकी एक बाइट, म्हणजे एक चित्र सुमारे १३ लाख बाइटचं. इथरनेटचं नेहमीचं पाकीट १५०० बाइटचं, म्हणजे एका चित्राची ९०० पाकिटं. सेकंदाला ६० चित्रं म्हटली तर ५४,००० पाकिटं आणि ७ कोटी ८६ लाख बाइट. केबलची मर्यादा साडेबारा कोटी. एक कॅमेरा आरामात मावतो. स्विचवर दुसरा जोडलात की भरला पेला! पाकिटं सांडतात आणि काळे पट्टे दिसतात. हरवलेलं पाकीट पुन्हा मागायची सोय मानकात आहे, पण कॅमेऱ्याची स्मरणशक्ती तोकडी; मागायला उशीर झाला तर ते पुसलेलं असतं. म्हणून पाकिटं मोठी करा (९००० बाइटची, पण कॅमेरा, स्विच आणि कार्ड तिघांनाही झेपली पाहिजेत), दोन पाकिटांत थोडं अंतर ठेवा, किंवा प्रत्येक कॅमेऱ्याला वेगळं कार्ड द्या. हा तिसरा उपाय म्हणजे जुनी स्वतंत्र वाटच, नव्या कपड्यांत.

दुसऱ्या तक्रारीचं मूळ बहुधा फायरवॉलमधे. विंडोज एक्सपीच्या ऑगस्ट २००४ च्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकपासून फायरवॉल आपोआप चालू राहू लागली. आपण विचारल्यावर आलेलं उत्तर ती आत सोडते, पण न विचारता आलेला चित्रांचा लोंढा तिला घुसखोर वाटतो. तिसरी तक्रार मानकातच लिहिलेली आहे. संगणकाने ठरावीक वेळाने कॅमेऱ्याला ‘मी आहे’ असं कळवायचं. सहसा ३ सेकंद ठोका चुकला की कॅमेरा मालक गेला असं समजतो. प्रोग्रामर दोष शोधायला प्रोग्राम मधेच थांबवतो आणि कॅमेरा नाहक बदनाम होतो.

पण खरी धास्ती अर्ध्या चित्राची नाही. ते निदान डोळ्यांना दिसतं. अख्खं चित्रच बुडालं तर? संगणकाच्या लेखी ती बाटली आलीच नाही. मोजणी एकाने घसरते, पाचव्या बाटलीचा निकाल चौथीला लागतो, आणि वाकड्या झाकणाचं औषध खोक्यात जाऊन पडतं. म्हणून मानकाने प्रत्येक चित्राला क्रमांक दिला आहे. तो पट्ट्यावरच्या सेन्सरच्या मोजणीशी ताडून बघायलाच हवा. (पहिल्या आवृत्तीत तो ६५,५३५ नंतर पुन्हा १ वर येई. सेकंदाला ६० चित्रं धरली तर दर १८ मिनिटांनी! ठाऊक नसेल तर फुकटचा घोटाळा.)

तेव्हा असा कॅमेरा रुसला तर भिंग पुसण्याआधी हरवलेली पाकिटं मोजा. आणि एक नियम भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा: चित्र नाही, तर बाटली नापास. कार्यालयासाठी बांधलेल्या रस्त्यावरून औषध तपासायचं, तर एवढा संशय हवाच.