राक्षस, मच्छीमार आणि कापलेली फीत



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर संतवाङ्मय, शिवचरित्र, अर्थकारण असे भारदस्त विषय येतात. अशा ठिकाणी आम्ही एका रबरी राक्षसाच्या चित्रपटाविषयी बोलावयास उभे आहोत, याचे काहींना नवल वाटेल, काहींना कदाचित रागही येईल. आमची एवढीच विनंती आहे, की राक्षस पडद्यावर येण्यापूर्वी सभागृह सोडू नये. कारण हा इतिहास राक्षसापेक्षा मच्छीमारांचा अधिक आहे, आणि मालवणच्या किनाऱ्यावर तो परका वाटण्याचे कारण नाही.

१९८५ च्या सुमाराची गोष्ट. त्या काळी आपल्या वाड्यावाड्यांतून भाड्याचा रंगीत टीव्ही आणि व्हिडिओ आणून रात्रभर चित्रपट दाखवण्याची प्रथा होती. खळ्यात ताडपत्री टाकायची, पुढे मुले, मागे बायामाणसे आणि कडेला उभे पुरुष. अशाच एका रात्री, आखातात नोकरीस असलेल्या एका गावकऱ्याने आणलेली इंग्रजी कॅसेट लागली. समुद्रातून डोंगराएवढी पाल वर येते, तोंडातून जाळ ओकते आणि तोक्यो शहर जाळून टाकते. एक अमेरिकन वार्ताहर हे सारे पाहतो आणि आपल्याला सांगतो. कॅसेट प्रतीवरून प्रत काढलेली, चित्र पुसट, आवाज फाटका. आम्ही पोरे पोट धरून हसलो. राक्षसाच्या पोटात माणूस आहे, हे दशावतार पाहणाऱ्या पोरांना सांगावे लागत नाही.

पुढे पुष्कळ वर्षांनी हाच चित्रपट, दुरुस्त करून काढलेला, तबकडीवर आमच्या पाहण्यात आला. मूळ जपानी चित्रपट, नाव ‘गोजिरा’, साल १९५४. आम्ही जुनी गंमत पुन्हा पाहावी म्हणून बसलो आणि थोड्याच वेळात चक्रावलो. अमेरिकन वार्ताहर कोठेच नव्हता! त्याच्या जागी दुसरेच प्रसंग होते. आगगाडीतून कामावर जाणारी माणसे बोलत आहेत. एक बाई म्हणते, आधी किरणोत्सारी मासळी झाली, आता हा गोजिरा आला. नागासाकीतून वाचले ती याच्यासाठी का? त्या रात्री खळ्यात आम्ही हसलो ते अर्धवट चित्रपटाला हसलो होतो. ज्या भागात रडू होते तो भाग आमच्यापर्यंत पोहोचलाच नव्हता. तो कोठे गेला आणि परत कसा आला, हाच आजच्या व्याख्यानाचा विषय.

ही किरणोत्सारी मासळी काय प्रकरण होते ते आधी पाहू. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने पॅसिफिक महासागरातील बिकिनी बेटावर हायड्रोजन बाँबचा चाचणीस्फोट केला. त्याची शक्ती पंधरा मेगाटन, म्हणजे हिरोशिमावरील बाँबच्या सुमारे हजारपट होती. शास्त्रज्ञांच्या अंदाजाच्या दुपटीहून ती अधिक निघाली. त्या वेळी जाहीर केलेल्या धोक्याच्या हद्दीबाहेर एक जपानी लाकडी मच्छीमार बोट कुपा पकडत होती. आपण ज्याला कुपा म्हणतो तोच बाहेरच्या बाजारातला ट्यूना. बोटीचे नाव ‘दाइगो फुकुर्यू मारू’, म्हणजे पाचवा भाग्यवान ड्रॅगन. तीवर तेवीस खलाशी होते. पहाटे पश्चिमेकडे सूर्य उगवल्यासारखा उजेड झाला, आणि काही तासांनी बोटीवर पांढरी राख पडू लागली. ती जळालेल्या पोवळ्यांची राख होती. माणसे गळाचे दोर ओढत राहिली. राख केसांत गेली, अंगावर बसली, तोंडात गेली.

१४ मार्च रोजी बोट याइझू बंदराला लागली. तोवर खलाशांची कातडी काळवंडली होती, केस गळू लागले होते. मग ठिकठिकाणच्या बंदरांत यंत्रे लावून मासळी तपासणे सुरू झाले, आणि कितीतरी बोटींचा माल फेकून द्यावा लागला. बाजारात मासळीला गिऱ्हाईक उरले नाही. लिलावात भाव पडला म्हणजे घरात काय होते, हे येथे बसलेल्या कित्येकांना आम्ही सांगण्याची गरज नाही. २३ सप्टेंबर १९५४ रोजी बोटीवरील रेडिओ चालक आइकिची कुबोयामा हा रुग्णालयात मरण पावला. त्याचे वय चाळीस होते.

जपानी जनता मात्र गप्प बसली नाही. तोक्योच्या सुगिनामी भागातील गृहिणींनी आणि वाचकमंडळांनी हायड्रोजन बाँबच्या विरोधात सह्या गोळा करण्यास आरंभ केला. मासळीचे दुकान चालवणाऱ्या घरच्या बायका त्यांत पुढे होत्या. वर्षभरात देशभरातून तीन कोटींहून अधिक सह्या जमल्या. चळवळीत आयुष्य घालवलेल्या माणसाला या आकड्याचे मोल कळते. शंभर सह्या मिळवण्यासाठी किती उंबरे झिजवावे लागतात, ते आम्ही जाणतो.

याच वर्षी तोहो या चित्रसंस्थेचा निर्माता तोमोयुकी तानाका याने समुद्रातून उठणाऱ्या राक्षसाची कल्पना मांडली. दिग्दर्शक इशिरो होंडा हा युद्धात सैनिक होता आणि परत येताना त्याने हिरोशिमाचा उकिरडा झालेला पाहिला होता. ३ नोव्हेंबर १९५४ रोजी, म्हणजे कुबोयामाच्या मृत्यूनंतर सहा आठवडेही झाले नव्हते तोच, चित्रपट प्रदर्शित झाला. त्याची सुरुवातच पाहा. एका जहाजाच्या डेकवर खलाशी काम आटोपून बसले आहेत, कोणी वाद्य वाजवतो आहे. समुद्रातून डोळे दिपवणारा उजेड येतो आणि जहाज पेटते. पुढच्या प्रसंगात त्यांचे नातेवाईक कचेरीत गर्दी करून, आमचा माणूस जिवंत आहे का, असे विचारीत आहेत. तोक्योच्या कोणत्याही प्रेक्षकाला ते जहाज कोणते हे सांगावे लागले नसेल. आपल्याकडेही वादळानंतर बंदरावर अशीच गर्दी होते.

राक्षस कसा बनवला, तेही सांगण्याजोगे आहे. अमेरिकेत अशा चित्रपटांत लहान पुतळा एकेक चौकटीगणिक किंचित हलवून त्याचे चित्र घेत. त्याला वेळ फार लागतो. विशेष दृश्यांचा प्रमुख एइजी त्सुबुराया याच्यापाशी तेवढा वेळ नव्हता, म्हणून त्याने माणसालाच राक्षसाचा पोशाख चढवला आणि लहान आकाराचे तोक्यो बांधून त्यातून चालवले. पहिला पोशाख शंभर किलोच्या घरात गेला. आत हारुओ नाकाजिमा नावाचा नट असे. दिव्यांच्या उष्णतेत तो काही पावले टाकी आणि कोसळे. पोशाखातून घाम ओतून काढावा लागे. राक्षसाची ती प्रसिद्ध डरकाळी कशी काढली? संगीतकार आकिरा इफुकुबे याच्या कल्पनेप्रमाणे एका मोठ्या तंतुवाद्याच्या सैल केलेल्या तारांवर चामड्याचा हातमोजा घासून! आमच्या दशावतारी मंडळींना हे सारे घरचेच वाटेल. काळ्या वेषातला संकासुर, रात्रभर उभे राहणे आणि ‘रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा’ ही म्हण, सगळे तेच. पडद्यावरचा राक्षस मजुराच्या घामावर चालतो.

आता कात्री कोठे लागली ते पाहू. जपानी चित्रपट ९६ मिनिटांचा होता. १९५६ साली अमेरिकेत तो ८० मिनिटांचा करून दाखवला गेला, आणि त्यांतही रेमंड बर या अमेरिकन नटाचे नव्याने चित्रित केलेले प्रसंग घातले होते. म्हणजे मूळ चित्रपटाचा बराच मोठा भाग गेला. आगगाडीतील संभाषण गेले. बाँबचाचण्यांचा उल्लेख पुसट झाला. उरला तो शहर मोडणारा राक्षस. ज्या राष्ट्राने बाँब टाकला त्याच राष्ट्राच्या प्रेक्षकांसाठी ही काटछाट झाली, हे ध्यानात घ्यावे. न्यायाने हेही सांगितले पाहिजे, की त्या आवृत्तीनेच राक्षसाला जगभर नेले आणि आमच्या वाडीपर्यंत आणले. कात्री चालवणारे धंदेवाईक होते, दुष्ट नव्हते. परंतु गरिबाची कैफियत कापली जाते ती बहुधा दुष्टपणाने नव्हे. ती धंद्याला उपयोगी नाही एवढ्याच कारणाने.

मूळ चित्रपट अमेरिकेतील चित्रगृहांत सर्वत्र लागण्यास २००४ साल उजाडले. त्यानंतर घरी पाहण्याच्या तबकड्या निघाल्या, आणि २०१४ साली साठ वर्षे झाल्यानिमित्त जपानमध्ये नव्याने दुरुस्त केलेली प्रत प्रदर्शित झाली. दुरुस्ती म्हणजे काय? चित्रपटात सेकंदाला चोवीस चित्रे असतात. ९६ मिनिटांची १,३८,२४० चित्रे झाली. यंत्राने प्रत्येक चित्राची नक्कल घ्यायची, ओरखडे, धूळ, डाग, प्रकाशाची थरथर दूर करायची आणि आवाज स्वच्छ करायचा. यंत्र पुष्कळ काम करते, पण शेवटी डोळे माणसाचेच लागतात. यात एक पथ्य असते, ते आम्हाला फार मोलाचे वाटते. काळाने पाडलेला डाग पुसावा. मूळ कारागिराने सोडलेली खूण पुसू नये. या चित्रपटात विमाने ज्या तारांना टांगली आहेत त्या कोठे कोठे दिसतात. त्या दिसू द्याव्यात. तारा पुसल्या तर टांगणारा हातही पुसला जातो.

हे सारे जपान-अमेरिकेचे झाले. आमच्याकडे काय? १९६६ साली मुंबईत ‘गोगोला’ नावाचा हिंदी चित्रपट निघाला. दिग्दर्शक बलवंत दवे, नटवर्गात तबस्सुम, संगीत रॉय-फ्रँक यांचे. समुद्रातून राक्षस निघतो आणि मुंबईवर चालून येतो, हे त्याचे कथानक. नावावरूनच गोजिराचे नाते उघड आहे. थोड्या पैशांत काढलेला, प्रतिष्ठित समीक्षकांनी बहुधा ढुंकूनही न पाहिलेला चित्रपट. आज त्याची गाणी ध्वनिमुद्रिकांवर ऐकता येतात, जाहिरातीची चित्रे पाहता येतात. चित्रपट मात्र हरवला आहे. तो उत्तम होता असे आमचे म्हणणे नाही. पण तो राक्षस रंगवणारे, दिवे उचलणारे, खेळण्याची मुंबई बांधणारे हात ज्यांचे होते त्या कामगारांच्या कामाचा पुरावाच त्याबरोबर गेला.

हे एकाच चित्रपटाचे दुर्दैव नव्हे. १९३१ चा पहिला बोलपट ‘आलम आरा’, त्याची प्रत उरलेली नाही. मूकपटांच्या काळात आपल्या देशात तेराशेंहून अधिक चित्रपट निघाले, त्यांपैकी पूर्ण स्थितीत उरलेले बोटांवर मोजावे. जुनी नायट्रेटची फीत ज्वालाग्राही. शिवाय तीत चांदी असते, म्हणून ती वितळवून चांदी काढण्यासाठी विकली जाई. जे जमवले तेही सुरक्षित राहिले असे नाही. जानेवारी २००३ मध्ये पुण्यास लागलेल्या आगीत नायट्रेटच्या जुन्या फितींचा मोठा साठा जळाला.

तरी जे वाचले ते का वाचले, हे पाहण्यासारखे आहे. दादासाहेब फाळक्यांनी १९१९ साली ‘कालिया मर्दन’ काढला. तो आमच्या मते मराठी माणसाने काढलेला पहिल्या पिढीतील राक्षसपट! सात वर्षांची त्यांची मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली आणि पाण्यात नागाशी झुंजली. फाळके स्वतः जादूचे प्रयोग करीत, आणि त्यापूर्वी एका वाटाण्याच्या अंकुराची वाढ चौकटीचौकटीने टिपून त्यांनी लघुपट केला होता. म्हणजे जादू आणि विज्ञान दोन्ही त्यांच्या हाती होती. या चित्रपटाचा मोठा भाग आज पाहावयास मिळतो. १९६४ साली पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघाले आणि पी. के. नायर या गृहस्थांनी गावोगाव, घरोघर फिरून डबे गोळा केले, म्हणून तो मिळतो. नायर यांचा एक विशेष असा, की ते उत्तम चित्रपट तेवढेच घ्यावेत असे मानीत नसत. जे मिळेल ते घ्यावे, निवड पुढच्या पिढ्या करतील, अशी त्यांची वृत्ती होती.

कोणी विचारील, की भाकरीचे प्रश्न सोडून कामगार कार्यकर्त्याने रद्दी गोळा करावी काय? याचे उत्तर आम्ही आमच्याच चुकीने देतो. आमच्या संघटनेची जुनी कागदपत्रे, सभांची इतिवृत्ते, संपाच्या काळातील पत्रके एका खोलीत पोत्यांत होती. एका पावसाळ्यात वाळवी लागली. आम्ही चळवळीत गर्क होतो. पोती उघडली तेव्हा मातीच हाती आली. पुढे एका वादात जुना करार दाखवण्याची वेळ आली, तेव्हा मालकपक्षाजवळ त्यांची प्रत होती, आमच्याजवळ आठवण होती. आठवणीवर दावा चालत नाही. ज्याच्यापाशी कागद, त्याचाच इतिहास.

शेवटी त्या बोटीकडे पुन्हा वळू. ‘दाइगो फुकुर्यू मारू’ धुऊन, नाव बदलून काही वर्षे दुसऱ्या कामास लावली आणि पुढे मोडीत निघाली. १९६७ साली ती तोक्योच्या कचरा टाकण्याच्या जागी चिखलात पडलेली होती. पुढल्या वर्षी एका तरुणाने वर्तमानपत्रास पत्र लिहिले, की ही बोट नष्ट होऊ देऊ नका. लोकांनी वर्गण्या जमवल्या, आणि १९७६ साली त्याच जागी तिच्यासाठी दालन उभे राहिले. ती लाकडी बोट आजही तेथे आहे. चित्रपटातील कापलेला भाग परत मिळाला आणि कचऱ्यातली बोटही परत मिळाली. दोन्ही कामे कोणा सम्राटाने केली नाहीत. ‘गोगोला’ला मात्र असा पत्र लिहिणारा वेळेवर भेटला नाही.

श्रोतेहो, आपल्या घरांत माळ्यावर जुन्या व्हिडिओ कॅसेटी पडल्या असतील. कोणाची जत्रा, कोणाचा दशावतार, रापण ओढतानाचे चित्रण, आज हयात नसलेल्या एखाद्या नटाचा संकासुर. खाऱ्या हवेत त्या फितीला बुरशी चढते, आणि ती चालवणारी यंत्रेही आता दुर्मिळ झाली आहेत. आणखी दहा पावसाळे त्या टिकतील असा भरवसा आम्ही देऊ शकत नाही. या व्याख्यानमालेने आणि गावातील वाचनालयाने मिळून एवढेच करावे, की अशा कॅसेटी मागवून घ्याव्यात, त्यांची नक्कल करून ठेवावी आणि मूळ वस्तू ज्याची त्याला परत द्यावी. चांगली कोणती, वाईट कोणती याचा निवाडा आज करू नये. आमच्या संघटनेतर्फे एक यंत्र आणि दोन मुले या कामास देण्याचे आम्ही येथे कबूल करतो. उद्या सकाळी दहापासून आम्ही वाचनालयाच्या ओसरीवर बसणार आहोत. येताना माळा झाडून यावे.