एका दिव्याभोवतीचे घर

विजेचा दिवा नव्हता आणि दूरदर्शनही नव्हते, तेव्हा घरोघरची माणसे संध्याकाळी करीत तरी काय, असा प्रश्न आमचे विद्यार्थी आम्हांस अनेकदा विचारतात. प्रश्नात कुतूहल थोडे आणि कीव अधिक असते. याच्या उलट आमच्या वयाच्या मंडळींत त्या दिवसांचे सोनेरी चित्र रंगविण्याची चढाओढ असते. आमच्या मते कीव आणि कौतुक दोन्ही सारखीच अस्थानी होत. खरे काय होते हे पाहावयाचे असेल, तर प्रथम दिव्याकडे पाहिले पाहिजे. कारण घरगुती करमणुकीचा इतिहास हा बऱ्याच अंशी दिव्याचाच इतिहास आहे.

घासलेट आपल्याकडे रुळले ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. तत्पूर्वी समई, पणती, लामणदिवा या सर्वांची भिस्त तेलबियांच्या तेलावर असे. तेल जाळणे म्हणजे पैसा जाळणे, हे घरातील पोरासही ठाऊक असे. म्हणून जेवणे लवकर उरकत आणि जो काही दिवा ठेवावयाचा तो एकाच ठिकाणी ठेवीत. जेथे दिवा एक, तेथे बैठकही एक. एकत्र बसण्याची आवड आपल्या पूर्वजांस आपल्यापेक्षा अधिक होती, असे मानण्याचे कारण नाही. त्यांना निराळे बसण्याची सोयच नव्हती. दुसरी गोष्ट अशी की, समईच्या उजेडात डोळ्यांस फारसे काम देता येत नाही. साहजिकच रात्रीची करमणूक ही मुख्यतः कानांची आणि जिभेची करमणूक झाली.

तिचा आरंभ दिवेलागणीस होई. शुभंकरोति झाले की मुले परवचा म्हणावयास बसत. पाढे, पावकी, निमकी, दिडकी यांची ती घोकंपट्टी खरी. परंतु सुरात सूर मिळवून म्हणताना तिचा खेळही होत असे. चातुर्मासात पोथी लागे. पोथीचा विषय निघाला की श्रीधरस्वामींचे नाव प्रथम घ्यावे लागते. पंढरपुराजवळच्या नाझरे गावच्या या कवीने 1702 साली ‘हरिविजय’, 1703 साली ‘रामविजय’, 1712 साली ‘पांडवप्रताप’ आणि 1718 साली बारामतीस ‘शिवलीलामृत’ पुरे केले. पंडितांनी श्रीधरास पहिल्या पंक्तीत बसविले नाही. परंतु पुढची दोन शतके महाराष्ट्राच्या माजघरांत खरे राज्य त्याचेच होते. त्याची ओवी कानांनी ऐकताच समजते आणि कथा सांगण्याचा हुरूप कोठेही मंदावत नाही. एकोणिसाव्या शतकात शिळाछापाच्या पोथ्या निघू लागल्यावर तो आणखी घरांत पोहोचला.

या वाचनाची खुबी अशी की, दिव्याजवळ बसून वाचणारा एकच असला तरी पोथी जाणणारे पुष्कळ असत. वाचणारा मुलगा अडखळला, तर अक्षरशत्रू असलेली आजी भिंतीशी वाती वळता वळता ती ओवी पुरी करून देई. श्रोता हा येथे नुसता श्रोता नव्हता; तो परीक्षकही होता. भेंड्यांच्या खेळात तर पाठांतरावाचून कोणाची गतीच नव्हती. समोरच्याच्या पद्याचे शेवटचे अक्षर घेऊन आपले पद्य सुरू करावयाचे, तेव्हा ज्याच्या संग्रही श्लोक, आर्या आणि अभंग अधिक तो शूर. मोरोपंतांच्या (1729–1794) आर्यांनी भेंड्यांच्या अशा कित्येक लढाया जिंकून दिल्या असतील.

डोळ्यांचे खेळ मुख्यतः दिवसा, सणावारी किंवा पावसाच्या झडीत चालत. सोंगट्यांचा पट, बुद्धिबळे, कवड्या, सागरगोटे हे त्यांपैकी होत. परंतु आम्हांस सर्वांत कौतुक वाटते ते गंजिफांचे. हा खेळ मोगलांबरोबर आपल्याकडे रुळला. बाबराच्या आत्मचरित्रात 1527 साली सिंधमध्ये गंजिफा धाडल्याची नोंद सापडते. पुढे आपल्या चिताऱ्यांनी त्यावर दशावतार आणून बसविले. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफांत एकशेवीस वाटोळी पाने असतात; दहा अवतारांची प्रत्येकी बारा, म्हणजे राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत. कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवून त्यांवर रंग आणि लाख चढवीत. खेळ दिवसा असेल तर पहिला मान रामाच्या पानाचा, रात्री असेल तर कृष्णाच्या. ज्या खेळाच्या नियमांतच सूर्य मावळला की नाही हे पाहावे लागते, तो खेळ दिव्याच्या राज्यात जन्मलेला नाही हे उघड आहे.

येथवर चित्र रमणीय आहे. परंतु या बैठकीत घरातील सून कोठे होती, हे विचारल्यावाचून इतिहास पुरा होत नाही. पोथीचा अध्याय चालू असताना ती बहुधा चुलीपाशी उष्टी-खरकटी काढीत असे आणि त्यातूनच कान देई. तिचा स्वतःचा वेळ पहाटेच्या जात्यावर होता, आणि तोही कामाचाच. त्या कामातून जे उभे राहिले ते मात्र थक्क करणारे आहे. साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’ या संग्रहातून जात्यावरच्या ओव्या सुशिक्षितांपुढे ठेवल्या. पुढे हेमा राईरकर आणि गी पॉतव्हँ यांनी खेडोपाडी हिंडून एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. माहेर, भाऊ, मूल, पंढरीची वाट आणि सासरचा जाच हे सर्व त्यांत आहे. श्रावणातील मंगळागौरीची रात्र आणि आश्विनातील भोंडला एवढीच काय ती हक्काची मोकळीक. झिम्मा, फुगडी, पिंगा यांत जो आवेश दिसतो, त्यामागे वर्षभराचा साठलेला श्वास असावा, असे आम्हांस वाटते.

आणि दिवाही सर्वांस सारखा नव्हता. रमाबाई रानडे यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक 1910 साली प्रसिद्ध झाले. 1873 साली लग्न होऊन त्या सासरी आल्या, तेव्हापासून न्यायमूर्तींनी त्यांना रात्री शिकविण्यास आरंभ केला. घरातील वडीलधाऱ्या बायकांस ते रुचले नाही, आणि टोचून बोलणे, अबोला यांचा मारा त्यांना पुष्कळ दिवस सोसावा लागला. ज्या घरात मुलाने दिव्याशी बसून पोथी वाचली तर कौतुक होई, त्याच घरात सुनेने पुस्तक उघडले तर तो अपराध ठरे. म्हणून एका दिव्याभोवतीच्या जिव्हाळ्याचे गोडवे गाताना, त्या वर्तुळाबाहेर कोण होते याचा विसर पडू देता कामा नये.

पुढचा बदल झपाट्याचा आहे. 1915 साली खोपोलीची जलविद्युत मुंबईच्या गिरण्यांस मिळू लागली. 1927 साली मुंबईस नभोवाणी केंद्र निघाले. 1972 च्या 2 ऑक्टोबरास मुंबई दूरदर्शन सुरू झाले. 1987 साली ‘रामायण’ मालिका लागली, तेव्हा ज्याच्या घरी संच असे त्याच्या बैठकीत सारी आळी लोटत असे. जणू श्रीधराचीच पोथी पुन्हा लागली! फरक एवढाच की, ती चुकली तर दुरुस्त करण्याची सोय कोणा आजीस नव्हती. आता तर प्रत्येकाच्या हातात निराळा पडदा आहे. सुनेस दिवा मिळाला, ही या शंभर वर्षांची मोठी कमाई होय. परंतु आजीचा परीक्षकपणा गेला, हा तोटाही लहान नव्हे.

2005 नंतरच्या काही वर्षांत महाराष्ट्रात भारनियमन कडक होते. एका संध्याकाळी आमच्या घरातील दिवे गेले. मेणबत्तीभोवती आम्ही सर्व कुरकुरत बसलो असता आमच्या मातुःश्री स्वयंपाकघरातून हात पुशीत आल्या आणि अंधारात पोळ्या होत नाहीत म्हणून आमच्यातच बसल्या. त्यांनी भेंड्या सुरू केल्या. आयुष्यभर वाङ्मय शिकविणारे आम्ही चौथ्या फेरीस निरुत्तर झालो. त्या मात्र अकराव्या फेरीपर्यंत थांबल्या नाहीत. एवढे पाठांतर त्यांनी केव्हा केले, असे आम्ही विचारले. ‘तुम्ही बाहेर वाचत होतात, मी आतून ऐकत होते,’ असे त्या म्हणाल्या. इतक्यात वीज आली आणि त्या पोळ्यांसाठी उठल्या. त्यांना बसवून घेऊन पोळ्यांस आम्ही जावयास हवे होते, हे आम्हांस फार उशिरा सुचले.